चोवीस तासांत माणूस दारात

ऑफिसात त्यांना सगळे तोंडपाठराव म्हणायचे. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव घराच्या दारावरच्या पाटीवर होतं, बायकोच्या नावाशेजारी, आणि ती पाटी वाचायला हल्ली कुणी येत नव्हतं.

कंपनीचं काम बेकऱ्यांशी. विजेवर चालणाऱ्या मोठाल्या भट्ट्या, मैदा मळायची यंत्रं, पाव कापायची यंत्रं विकायची, बसवून द्यायची आणि बिघडली की दुरुस्त करायची. यात तोंडपाठराव ना विकायचे, ना दुरुस्त करायचे. ते बोलायचे. पद होतं क्लायंट रिलेशनशिप कोऑर्डिनेटर, आणि ते व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत मावत नव्हतं. कार्डं छापून आली त्या दिवशी बायकोने एक हातात घेतलं, लांब धरून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की करता काय तुम्ही?"

"लोकांशी बोलतो. कुणाचं काय दुखतंय-खुपतंय ते बघतो. संबंध सांभाळतो."

"अस्सं," ती म्हणाली. "मग सवड झाली की घरीही बोला थोडं."

तेव्हा दोघंही हसले होते. तो विनोद आहे असं तोंडपाठरावांना बरीच वर्षं वाटत राहिलं.

तोंडपाठराव हे नाव पडलं ते उगाच नाही. कंपनीचे दीडशेच्या वर ग्राहक, आणि कुणाचाही फोन येवो, यांचं सुरू व्हायचं. "काय म्हणता? थोरलीची परीक्षा कशी गेली? पाठीचं काय मग, पट्टा बांधताय की ठेवलाय कपाटात?" समोरचा पाववाला तिथेच गार. तक्रार करायला फोन केला होता हेच विसरून जायचा. नव्याने लागलेली मुलं-मुली तोंडात बोटं घालायची. काका, एवढं लक्षात कसं राहतं हो तुमच्या? काका नुसते हसायचे.

खरं सांगायचं तर त्यांच्या लक्षात कपाळ राहायचं. डोकं म्हणजे गळकी बादली. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, असा माणूस. सगळी करामत टेबलाच्या खालच्या खणातल्या कार्डांची होती. जाड पुठ्ठ्याची, कंपनीने एके काळी छापून घेतलेली कार्डं. वर 'ग्राहकाचे नाव', त्याखाली 'यंत्राचा प्रकार', 'बसवल्याची तारीख', मग 'तक्रारी' असा मोठा चौकोन, आणि तळाशी 'शेरा'. कॉम्प्युटर आले, सगळ्यांनी कार्डं रद्दीत घातली, यांनी खणाला कुलूप लावलं. शेऱ्याच्या दोन ओळींत यांचा सगळा जीव. 'चहा बिनसाखर.' 'धाकट्या भावाशी बोलत नाही, नाव काढू नये.' 'कुत्रा म्हातारा झालाय, विचारावे.' फोन वाजला, नंबर बघितला की डाव्या हाताने खण उघडायचा, बोट फिरवायचं, कार्ड वर. फोनच्या दोन घंट्यांच्या मधल्या वेळात हे सगळं उरकायचं.

ऑफिसच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: 'तक्रार नोंदली की चोवीस तासांत माणूस दारात.' हे वाक्य तोंडपाठराव दिवसातून दहादा फोनवर म्हणायचे. तक्रार लिहून घेतली की हे शेऱ्यावर कागद टाचायचे, मिस्त्री कार्ड घेऊन जायचा, काम व्हायचं, ग्राहक कार्डावर 'तक्रार मिटली' म्हणून सही करायचा आणि कार्ड परत खणात. सही नसलेलं कार्ड परत आणलं तर मिस्त्रीची धडगत नसायची. नव्यांना शिकवताना तोंडपाठराव दोन गोष्टी सांगायचे. एक, सहीशिवाय उठायचं नाही. दोन, माणसाला जिथे दुखतं तिथे पुन्हा बोट लावायचं नाही. एकदा कळलं की मनाशी लिहून ठेवायचं, 'विषय टाळावा', आणि जन्मात काढायचा नाही.

हा दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता.

आता दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो बघा. ऑफिसात कार्डं होती, घरी बायको होती. कुणाच्या समारंभाला गेले की ती यांच्या खांद्यामागे उभी राहून हळूच सांगायची, "हा तुमचा आतेभाऊ. नोकरी गेलीय, विचारू नका. ही त्याची दुसरी मुलगी, पहिली नव्हे." हे त्याप्रमाणे बोलायचे आणि नातेवाईक म्हणायचे, काय अगत्यशील माणूस आहे. वाढदिवस तिच्या लक्षात, आजारपणं तिच्या लक्षात, फोन तिने करायचे, शेवटी "घ्या, बोला" म्हणून यांच्या हातात द्यायचे. संबंध सांभाळायचा पगार हे घेत होते आणि सांभाळत होती ती.

मग ती आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. त्याला आता पावणेदोन वर्षं झाली होती.

पहिला महिनाभर तिचा फोन वाजायचा. कुणी उशिरा कळलेलं, कुणी लांबचं. तोंडपाठराव तो चार्जिंगला लावून ठेवायचे. मग वाजायचा बंद झाला. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या फोनवर तर ऑफिसशिवाय कुणाचा फोन येतच नाही. आतेभावाचा नाही, मेहुणीचा नाही. त्यांचं काय चुकलं म्हणा? ते सगळे तिला फोन करत होते, हे आपले शेवटचं मिनिट बोलत होते.

दोन खोल्यांचं घर. सकाळी नऊ ते सहा तोंडाचा पट्टा चालू, आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत आलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एक शब्द नाही. बोलणार कुणाशी, नळाशी? कुकर लावायचा, दोन दिवसांचा भात एकदम करायचा, उभ्याउभ्या ओट्याशीच जेवायचं. टेबलाला दोन खुर्च्या होत्या आणि बसलं की समोरची रिकामी दिसायची, म्हणून उभ्याने. कर्ज घ्या, विमा घ्या म्हणणाऱ्या मुलींचे फोन लोक तोडतात. हे पूर्ण ऐकून घ्यायचे, मधूनच विचारायचे, जेवलात का? रविवारी तर आवाज इतका गंजायचा की सोमवारचा पहिला फोन घ्यायच्या आधी दोनदा खाकरावं लागायचं. फार एकटे पडले होते ते. कुणाला सांगत नव्हते एवढंच, आणि सांगणार तरी कुणाला.

एक लेक होती. चार तासांच्या बसच्या अंतरावर, नवऱ्याबरोबर. आता या जगात त्यांची म्हणावी अशी तीच.

आई गेल्यावर तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आला तेव्हा हे सहज बोलून गेले, "आईच्या कपाटाचं काय करायचं गं?" आणि ती रडायला लागली. थांबेचना. आयुष्यात तोंडपाठरावांनी हजारो फोन घेतले होते, पण रडणाऱ्या लेकीचा एकही नाही. ते खातं बायकोकडे होतं. "बरं बरं, काळजी घे, ठेवतो," म्हणाले आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एक कोरं कार्ड खिशात घालून घरी आणलं.

त्यांना जमत होतं तेवढंच त्यांनी केलं. वर 'ग्राहकाचे नाव' छापलं होतं तिथे लिहिलं, 'लेक'. 'यंत्राचा प्रकार' यावर रेघ मारली. 'बसवल्याची तारीख' यापुढे तिची जन्मतारीख घातली, कारण जागा रिकामी सोडायची सवय नव्हती. 'तक्रारी' चौकोन तसाच राहिला. लेक कधी तक्रार करायची नाही. आणि तळाशी, त्या दिवशीची तारीख घालून, शेरा: 'डावा गुडघा दुखतो. जावयाच्या बदलीचे विचारावे. आईचा विषय टाळावा, रडते.'

तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन आला की हे कार्ड पुढ्यात घेऊन बसायचे. गुडघा कसाय? बदलीचं काय झालं? पाणी येतं का दोन वेळा? एकदा ती म्हणाली, "बाबा, काल ट्रंकेत आईने विणलेला स्वेटर सापडला. ती हिरवी बाही आठवते का, लोकर संपली म्हणून दुसरी लावलेली?"

"थंडी कशी आहे तिकडे?" तोंडपाठरावांनी विचारलं.

ती म्हणाली, "आहे ठीक."

किती अलगद विषय बदलला, असं त्यांना वाटलं. लेकीला रडू दिलं नाही. त्या दिवशी ते स्वतःवर खूश होते, हे सांगायलाही लाज वाटावी, पण होते.

चाळीस मिनिटांचे फोन वीसवर आले, मग सातवर. आणि त्या स्वेटरनंतर दोन-तीन रविवार गेले आणि अकराला फोन वाजलाच नाही. यांनी केला तर तिने उचलला नाही. मागून मेसेज आला, 'कामात आहे. नंतर करते.' पुढच्या रविवारी पुन्हा तेच. असे अकरा आठवडे झाले. ते कार्ड काढून वाचायचे, उलटंसुलटं करायचे. कुठे चुकलं ते त्यात लिहिलेलं नव्हतं. रात्री अंथरुणात पडल्यावर हिशेब एकच: बायको गेली ती आजाराने, लेक चाललीय ती कशाने?

त्या शनिवारी साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, घाईत असलेला माणूस.

"काका, तुमच्या त्या वहिनी करार पुढे चालू ठेवत नाहीयेत. एकोणीस वर्षांचा ग्राहक. जा आणि बघा जरा काय झालंय."

वहिनी म्हणजे जुन्या बाजाराच्या कोपऱ्यावरची बेकरी चालवणारी बाई. बेकरी होती तिच्या नवऱ्याची. तोंडपाठराव त्याला दादा म्हणायचे, म्हणून ही वहिनी, आणि ती यांना भाऊजी म्हणायची. दादा चार वर्षांपूर्वी गेला, भट्टीसमोरच कोसळला. तेव्हापासून ती एकटी चालवत होती. मोठी खमकी बाई. मिस्त्री तिला टरकून असायचे, कारण दुरुस्ती झाली तरी ती सही करायची नाही. "पहिला घाणा निघू दे. पाव नीट फुगला तर सही. तोवर बसा," म्हणायची आणि मिस्त्रीला मैद्याच्या पोत्यावर तासभर बसवायची.

तोंडपाठरावांनी निघण्याआधी कार्ड बघितलं. 'चहा आले घालून. गुडघे दोन्ही. नवऱ्याचा विषय टाळावा.'

बेकरीत दुपारची सामसूम होती. रिकामे ट्रे एकावर एक रचलेले, भट्टी अर्धवट गार. वहिनींनी स्टूल पुढे केलं, आल्याचा चहा दिला. भिंतीवर दादाचा फोटो होता, काचेवर मैद्याची पातळ भुकटी. तोंडपाठराव सवयीप्रमाणे फोटोकडे पाठ होईल असे बसले.

"गुडघे काय म्हणतात?"

"आहेत जागेवर," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही कशाला आलात ते ठाऊक आहे मला. उगाच गोल गोल फिरू नका. मी दुसऱ्या कंपनीला सही दिली."

"आमच्याकडून काही कमी पडलं का?"

"भट्टीत नाही."

एवढं बोलून त्या कपबशी विसळायला लागल्या. तोंडपाठराव थांबले. थांबायला त्यांना येत होतं, त्याचाच तर पगार होता.

"त्या कंपनीची एक मुलगी आली होती," वहिनी पाठमोऱ्याच बोलल्या. "असेल पंचवीसची. तुम्ही बसलात तिथेच बसली, पण तोंड इकडे करून. फोटो बघितला आणि म्हणाली, हे कोण? कसे होते? मी म्हटलं, काय सांगू. आणि तासभर बोलले मी, भाऊजी. ते पाव पालथा करून टिचकी मारून कसे ऐकायचे, भांडले की बिस्किटं कशी करपवायचे, सगळं. ती मुलगी नुसती ऐकत होती. मग मी सही केली. तिने काय मागितलं तेही धड वाचलं नाही."

"वहिनी, मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल. मुद्दाम तुमच्यासाठी टाळत होतो."

"पंधरा वर्षं त्यांच्या हातचा पाव खाल्लात इथे बसून. ते गेल्यावर चार वर्षांत एकदा नाव घेतलं नाहीत. आलात की गुडघे. गेले ते गेले, यांच्या लेखी कधी नव्हतेच, असं वाटायचं मला." त्या वळल्या. डोळे कोरडे होते. "रडले असते मी. मग? रडून कुणी मरतं का?"

चहा गार झाला होता. तोंडपाठरावांनी तो तसाच पिऊन टाकला.

"आणि म्हणून मीही तुमच्या हिचं नाव काढलं नाही," वहिनी म्हणाल्या. "फिट्टंफाट. पण आता करार संपला, सांगून टाकते. तुमची बायको यायची इथे."

"कुठे? इथे?"

"महिन्या-दोन महिन्यांनी. पाव न्यायच्या निमित्ताने. त्या पोत्यावर बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, हे इथे येतात ना, बोलतात का हो? मी म्हटलं, भरपूर बोलतात. तर हसली. म्हणाली, बरं झालं, कुठेतरी बोलतात म्हणजे."

वहिनी असं टोमणा मारायला बोलल्या नव्हत्या. ती कशी हसली ते त्यांना आठवलं, म्हणून बोलल्या. पण तोंडपाठरावांना तो लागायचा तिथे लागला. ते उठले, पहिल्यांदाच दादाच्या फोटोसमोर उभे राहिले आणि रुमालाने काच पुसली. करार परत मिळवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. वहिनींनी निघताना एक पाव कागदात गुंडाळून दिला.

घरी आले तेव्हा सहा वाजून गेले होते. लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आता नेहमीचा मेसेज येणार, 'कामात आहे'. तो यायच्या आत त्यांनीच लिहायला घेतलं. एका बोटाने, अडखळत, दोनदा पुसून. 'आज तुझ्या आईचं नाव निघालं. तिच्याबद्दल बोलायचं आहे. हिरवी बाही मला आठवते. उजवी होती.'

मिनिटभरात फोन वाजला.

"बाबा?"

"हं."

"काय झालंय? बरं आहे ना तुम्हाला?"

"बरा आहे." आणि मग त्यांनी सांगितलं. वहिनी, पोतं, पाव, ती काय म्हणाली, सगळं. सांगताना मध्येच आवाज गेला, तर खाकरून पुढे सांगितलं. पलीकडे लेक रडत होती, ते ऐकू येत होतं. त्यांची जीभ सवयीने विषय बदलायला वळवळली. थंडीचं विचारावं, गुडघ्याचं विचारावं. त्यांनी नाही विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात तिला," ती म्हणाली. "मी कधीही तिचं काही काढलं की तुम्ही दुसरंच. मला वाटलं, बाबांचं झालं सगळं मार्गी लागून. माझीच मेली आई."

"अगं, विसरलो नाही. मी लिहून ठेवलं होतं."

"काय लिहून?"

आता काय लपवायचं? "तुझं कार्ड आहे माझ्याकडे."

पलीकडे रडणं थांबलं. "माझं कार्ड? तुमच्या त्या पाववाल्यांसारखं?"

"हो."

"वाचा."

"बाळा, ते असं..."

"वाचा म्हणते ना."

त्यांनी चष्मा शोधला, डोक्यावरच होता, आणि वाचलं. ग्राहकाचे नाव, लेक. यंत्राचा प्रकार, रेघ. बसवल्याची तारीख वाचल्यावर तिकडून कसलासा आवाज आला. हसली की हुंदका, कळलं नाही. शेरा. डावा गुडघा.

"उजवा," ती म्हणाली. "पहिल्यापासून उजवाच आहे."

"जावयाच्या बदलीचे विचारावे." ते थांबले. मग उरलेलं एका दमात वाचलं. "आईचा विषय टाळावा, रडते."

"त्या शेऱ्यावर तारीख काय टाकलीय?"

त्यांनी तारीख सांगितली.

"बाबा, तीन आठवडे झाले होते तिला जाऊन. रडणार नाही तर काय करणार होते मी?"

ते नुसते "हं" म्हणाले.

"तक्रारीच्या चौकोनात काय आहे?"

"काही नाही. तू कधी केलीच नाहीस."

"पेन आहे का? लिहा मग. माझे बाबा आईचं नाव घेत नाहीत. मला बोलायला कुणी नाही."

त्यांनी लिहिलं. शब्द न् शब्द, जसा तिने सांगितला तसा, कारण तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहायची असते. वर तारीख घातली, शनिवार, सायंकाळी सात. लिहून झालं तशी ती म्हणाली, "ठेवते आता. डोकं दुखतंय," आणि तिने फोन ठेवला. रागाने ठेवला की थकून, ते त्यांना कळलं नाही. खोली पुन्हा होती तशी झाली. दोन खुर्च्या, नळ, कुकर. वहिनींचा पाव कागदात तसाच होता.

तोंडपाठराव कार्डाकडे बघत बसले. बावीस वर्षांत त्यांनी हजारो तक्रारी लिहून घेतल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मिस्त्रीच्या हातात दिल्या होत्या. ही कुणाच्या हातात देणार?

रविवारी सकाळी ते पहिल्या बसमध्ये होते. खिशात कार्ड, मांडीवर पाव. वाटेत साहेबांचा फोन आला, वहिनींचं काय झालं म्हणून.

"दुसऱ्या कंपनीकडे गेल्या त्या, साहेब. चूक माझी आहे, सोमवारी सांगतो. आत्ता तक्रारीवर निघालोय."

"रविवारी? कुणाची?"

"जुना ग्राहक आहे. एकतीस वर्षं."

"आपली कंपनीच सव्वीस वर्षांची आहे, काका."

"हो ना," तोंडपाठराव म्हणाले, "म्हणूनच जातोय," आणि फोन ठेवला. खिडकीतून शेतं, गोदामं, पेट्रोलपंप मागे जात होते. ती दार उघडेल आणि काय म्हणायचं, हे त्यांनी पाठ करायचा प्रयत्न केला. काही पाठ होईना.

दार तिने उघडलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिचे डोळे सुजलेले. अंगात तोच स्वेटर होता, उजवी बाही हिरवी. ती बघतच राहिली.

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. तोंडातून बाहेर पडलं ते बावीस वर्षांचं सवयीचंच. "तक्रार होती म्हणे. चोवीस तास व्हायच्या आत आलोय."

तिने कार्ड घेतलं. स्वतःचे शब्द बापाच्या अक्षरात वाचले. पुन्हा वाचले. तोंडपाठरावांनी पेन पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा सही मिळेल की नाही याची त्यांना धास्ती होती.

तिने पेन घेतलं नाही. कार्ड मात्र स्वेटरच्या खिशात घातलं.

"मिटलेली नाही अजून," ती म्हणाली. "आत या. बसा."

ते आत जाऊन बसले. समोरच्या खुर्चीत ती बसली. मग त्यांनी पाव मध्ये ठेवला, पालथा केला, टिचकी मारली आणि सांगायला सुरुवात केली.